फोटोखालची ओळ वेगळी, फोटोमागची वेगळी: वेबसाइटवरील चित्रांना कॅप्शन आणि ऑल्ट मजकूर देण्याची पद्धत

शाळा, शेतकरी कंपन्या, देवस्थाने, ग्रामपंचायती यांच्या वेबसाइटी दुरुस्तीला माझ्याकडे येतात. लातूर, धाराशिव, परभणीकडच्या जास्त. फोटोंचा मारा सगळीकडे असतो आणि घोळही सगळीकडे एकच असतो: कॅप्शनच्या रकान्यात जे वाक्य, तेच उचलून ऑल्टच्या रकान्यात. नाहीतर दोन्ही रकाने कोरे. विचारले की उत्तर ठरलेले, “सर, फोटो दिसायलाय की!”

ज्याला दिसायलाय त्याच्यासाठी कॅप्शन असते. फोटो पाहून जे कळत नाही ते कॅप्शन सांगते: माणसे कोण, गाव कोणते, तारीख काय, फोटो कुणी काढला. ऑल्ट मजकूर पडद्यावर एरवी दिसत नाही, तो कोडमध्ये असतो. ज्याला फोटो दिसत नाही त्याच्या मोबाइलमधला किंवा संगणकातला स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचतो. डोंगरपट्ट्यातल्या गावात रेंज एका काडीवर आली आणि फोटो उतरलाच नाही, तर त्या रिकाम्या चौकटीत ब्राउझर हाच मजकूर दाखवतो. म्हणजे ऑल्ट ही फोटोच्या जागी उभी राहणारी ओळ आहे आणि कॅप्शन ही फोटोच्या शेजारी बसणारी.

## तयारी: वेबसाइट उघडण्याआधी

१. तक्ता करा. एक्सेल असो की वही, रकाने हे: फाइलचे नाव, कोणत्या पानावर, फोटोत काय दिसते, कोण-कुठे-कधी, फोटो कुणाचा, फोटोचे काम, कॅप्शन, ऑल्ट. “फोटोचे काम” हा रकाना बहुतेक जण गाळतात. पुढचे सगळे त्याच्यावरच उभे आहे.

२. मूळ फोटो मागवा. आपल्याकडे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. तिथे तो दाबला जातो आणि कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख-वेळही गळून पडते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो पाठवल्या-आल्याची, काढल्याची नव्हे. त्या तारखेवर विसंबून वृक्षारोपणाचे कॅप्शन आठ दिवस चुकलेले मी पाहिले आहे. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव.

३. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मोबाइल-संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत, आहे का ते पाहा. ही खास आपली अडचण. डीटीपीवाल्याकडून पत्रिकेचा किंवा स्मरणिकेचा मजकूर येतो तो कित्येकदा श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटमध्ये. त्याच्या संगणकावर ते सुंदर मराठी दिसते, पण आत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात. ती तशीच ऑल्टमध्ये डकवली की स्क्रीन रीडर तेच अगम्य तुकडे वाचतो. कॅप्शनचा गोंधळ निदान डोळ्याला दिसतो. ऑल्ट दिसत नसल्यामुळे वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही.

*तपासा:* मजकूर स्वतःच्या मोबाइलवर मेसेजच्या खिडकीत डकवा. मराठी वाचता आली तर ठीक. नाही आली तर जुन्या फाँटचे युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, आणि काढल्यावर रफार, ‘र्‍य’ आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला. तिथेच मोडतोड होते.

४. फाइलचे नाव आधी बदला. वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) फोटो चढवल्यावर त्याच्या फाइलचे नाव सहजासहजी बदलता येत नाही. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवा. देवनागरी नाव चालते, पण लिंक पाठवताना त्याची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली हातभर शेपटी होते.

५. वेबसाइटची भाषा मराठी करा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, तिथे साइटची भाषा. ती इंग्रजीच राहिली तर पान स्वतःची ओळख इंग्रजी म्हणून देते आणि वाचणाऱ्याचा स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज लावू शकतो. तो आवाज देवनागरी अक्षरे कधी गाळतो, कधी काहीतरी भलतेच उच्चारतो. भाषा बदलल्यावर मागचा कारभाराचा भागही मराठी होतो. तो इंग्रजीत हवा असेल तर प्रत्येकाने आपापल्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी निवडावी.

## टप्पा १: फोटोचे काम ठरवा

फोटोकडे बघून “यात काय आहे” असे विचारू नका. “या पानावर हा कशाला ठेवलाय” असे विचारा.

पानाच्या कडेची नक्षी, दोन परिच्छेदांमधली फुलांची पट्टी ही सजावट. तिला ऑल्ट रिकामा ठेवायचा. रिकामा म्हणजे ऑल्ट आहे पण त्यात काही नाही. स्क्रीन रीडर तिला ओलांडून पुढे जातो. हाताने कोड लिहिणाऱ्यांनी इथे जपावे. ऑल्ट रिकामा ठेवणे आणि ऑल्ट लिहायचाच विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विसरलात, आणि चित्र लिंक असेल, तर कित्येकदा फाइलचे नावच वाचले जाते. एका मुलाच्या मोबाइलवर प्रवेशाच्या पानाचे बटण “आयएमजी अंडरस्कोर” आणि पुढे आठ आकडे असे बोलताना मी ऐकले. अर्ज कुठून भरायचा हे त्याला शेवटी फोन करून विचारावे लागले.

ज्यावर टिचकी मारली की काही घडते ते चित्र म्हणजे बटण किंवा लिंक. त्याचा ऑल्ट चित्राचे वर्णन करत नाही, कुठे नेणार ते सांगतो. हिरव्या वर्तुळातल्या फोनच्या चित्राला “व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा”, वरच्या बोधचिन्हाला संस्थेचे नाव आणि “मुखपृष्ठ”.

उरलेले तीन प्रकार म्हणजे माहिती देणारा फोटो, अक्षरांचे चित्र (परिपत्रक, पत्रिका, बॅनर) आणि नकाशा-आलेख-तक्ता. त्यांच्याकडे पुढे येतो.

*सावधान:* एकच फोटो दोन पानांवर असेल तर त्याची कामे दोन असू शकतात, आणि मग ऑल्टही दोन. नळदुर्ग किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा घ्या. पर्यटनाच्या पानावर: “दगडी बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी पाणी कोसळत आहे, समोर खडकावर गर्दी.” पावसाळ्यातल्या सूचनेच्या पानावर त्याच फोटोचा ऑल्ट: “बंधाऱ्याखालचा खडक ओला, धबधब्याच्या अगदी जवळ कठडा नसलेल्या जागी लोक उभे.” फोटो तोच, पण दुसऱ्या पानावर पाणी किती सुंदर आहे याचे कुणाला काय.

## टप्पा २: कॅप्शन लिहा

कॅप्शन आधी, ऑल्ट नंतर. हा क्रम मी हट्टाने पाळतो, कारण नावे, तारखा, ठिकाणे एकदा कॅप्शनमध्ये गेली की ऑल्टमध्ये ती कोंबायचा मोह राहत नाही. कॅप्शन स्क्रीन रीडरही वाचतोच. दोन्हीकडे तेच वाक्य असेल तर ऐकणाऱ्याला ते लागोपाठ दोनदा ऐकावे लागते, आणि फोटोत काय आहे ते तरीही कळत नाही.

“कार्यक्रमप्रसंगी उपस्थित मान्यवर.” हे वाक्य आपल्या वेबसाइटींवरून हद्दपार झाले तर अर्धे काम होईल. कार्यक्रम कोणता? मान्यवर कोण? नावे द्यायची तर “डावीकडून” असे लिहून क्रमाने द्या, आणि जितकी डोकी तितकी नावे आहेत का ते मोजा. सगळी नावे ठाऊक नसतील तर मधलेच एक गाळू नका. “महिला बचत गटाच्या सदस्या” असे एकत्र लिहा.

नळदुर्गच्या फोटोचे कॅप्शन असे होईल: “नळदुर्ग किल्ल्यातील बोरी नदीवरचा बंधारा. त्याच्या पोटात पाणी महाल आहे. भरल्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पडणाऱ्या दोन धबधब्यांना नर-मादी म्हणतात.” नर-मादी हे नाव फोटोत दिसत नाही, पाणी महाल बंधाऱ्याच्या आत आहे हेही दिसत नाही. म्हणून ते इथे.

जुन्या फोटोंत गावांच्या नावांचा प्रश्न येतो. २०२३ च्या आधीच्या कागदपत्रांत आणि फलकांवर औरंगाबाद, उस्मानाबाद असेच असणार. कॅप्शनमध्ये आजचे नाव लिहून “तेव्हाचे औरंगाबाद” अशी जोड द्या. फोटोतल्या फलकावर जुने नाव स्पष्ट दिसत असेल तर ऑल्टमध्ये फलकावरचे नाव जसेच्या तसे लिहावे. फलक दुरुस्त करणे आपले काम नाही.

*सावधान:* शाळेच्या फोटोंत मुलामुलींची पूर्ण नावे, वर्ग आणि गाव एकत्र देऊ नका, आणि पालकांना विचारल्याशिवाय फोटोही नको. सातबारा किंवा आधार हातात धरलेला फोटो असेल तर त्यावरचे नंबर झाका. “ऑल्टमध्ये लिहिले तर कुणाला दिसतंय” असे समजू नका, गूगल ते वाचते.

## टप्पा ३: ऑल्ट लिहा

इथे घाई करू नका. सोपी युक्ती सांगतो: तुम्ही हे पान गावाकडच्या भावाला फोनवर वाचून दाखवताय असे समजा. फोटो आला की तुम्ही काय सांगाल? “निळ्या आकाशाखाली, हिरव्यागार शेतात” असे तुम्ही सांगणार नाही. कामाचे तेवढेच सांगाल.

शेतीसल्ल्याच्या पानावरचे उदाहरण घेतो, कारण तिथे चुकीची किंमत पिकाला मोजावी लागते. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचा फोटो आहे. बहुतेक वेबसाइटींवर त्याचा ऑल्ट “सोयाबीन कीड” असा सापडतो. हे फोटोचे नाव झाले. पान वाचणाऱ्याला आपल्या शेतात जाऊन कीड ओळखायची आहे, तर ओळखीची खूण ऑल्टमध्ये हवी:

ऑल्ट: “सोयाबीनच्या देठावर थोड्या अंतराने दोन गोल खाचा, खाचांच्या वरचा भाग सुकून खाली लोंबलेला.”

कॅप्शन: “चक्रीभुंग्याची मादी देठावर दोन खाचा पाडून त्यांच्या मध्ये अंडी घालते. वरचा भाग सुकण्याचे कारण हेच.”

आता फोटो उतरला नाही तरी माणूस बांधावर उभा राहून दोन खाचा शोधू शकतो. पिवळ्या मोझॅक रोगाचा फोटो असेल तर “रोगट पान” चालणार नाही. पानावर पिवळे-हिरवे चट्टे विखुरलेले आहेत की पान सरसकट पिवळे पडले आहे, हा फरक लिहावा लागेल. खताची कमतरता आणि रोग यांची गल्लत तिथेच होते.

लेण्यांच्या फोटोंत दिसणारे आणि ठाऊक असलेले यांची सरमिसळ फार होते. वेरूळच्या १६ क्रमांकाच्या कैलास लेण्याचा ऑल्ट लोक “एकाच कातळात वरून खाली कोरलेले जगप्रसिद्ध मंदिर” असा लिहितात. वरून खाली कोरले हे फोटोत कुठे दिसते? ते कॅप्शनचे काम. ऑल्ट: “अंगणात उंच दगडी स्तंभ आणि दगडी हत्ती, मागे मंदिर, तिन्ही बाजूंना उभा कडा.” आणि “जगप्रसिद्ध” कुठेच नको.

लिहितानाचे बारकावे:

- सुरुवातीला “फोटो”, “छायाचित्र” लिहू नका. चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. मात्र भित्तिचित्र, जुना नकाशा, व्यंगचित्र असेल तर प्रकार लिहा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीला “हातात कमळ घेतलेला पुरुष” एवढेच म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटेल कुणी गृहस्थ उभे आहेत. “भित्तिचित्र: हातात कमळ, डोक्यावर उंच मुकुट, नजर खाली” असे लिहा.
- एक-दोन वाक्ये पुरे. सव्वाशे अक्षरांचा नियम सांगितला जातो. तो नियम नाही, सवय आहे. आठ शब्दांत भागत असेल तर आठच.
- ता., जि., प्रा., रु. असली संक्षिप्त रूपे आवाजात विचित्र होतात. “तालुका”, “जिल्हा” असे पूर्ण लिहा. शेवटी पूर्णविराम द्या, म्हणजे आवाज थांबतो.
- इमोजी, हॅशटॅग, फोन नंबर नकोत.
- हाताने कोड लिहीत असाल तर ऑल्टच्या आत दुहेरी अवतरणचिन्ह टाकू नका. तिथेच ऑल्ट संपला असे ब्राउझर समजतो आणि उरलेली ओळ गळते.
- कपड्यांवरून धर्म, चेहऱ्यावरून नाते ठरवू नका. धोतर-टोपीतला माणूस शेतकरीच असतो असे नाही, आमच्याकडे तो निवृत्त मुख्याध्यापकही असतो.

आणि ती शोधशब्दांची भरताड. लातूरकडच्या क्लासच्या वेबसाइटींवर दर फोटोमागे “लातूर बेस्ट क्लास नीट जेईई लातूर टॉप क्लास” असे दळण सापडते. वर्गात बसलेल्या मुलांचा फोटो आणि मागे हे. स्क्रीन रीडर लावणाऱ्या विद्यार्थ्याला ते दर फोटोला पुन्हा ऐकावे लागते, आणि गूगल असली भरती चांगल्या नजरेने पाहत नाही.

एआयकडून ऑल्ट लिहून घेणारे वाढले आहेत. कच्चा खर्डा म्हणून घ्या, पण वाचल्याशिवाय चढवू नका. दिंडी आणि वरात यांतला फरक यंत्राला कळेलच असे नाही, आणि फोटो या पानावर कशाला ठेवलाय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

### अक्षरांचे चित्र

परिपत्रकाचा फोटो काढून चढवला आणि काम झाले, ही सर्वांत घातक सवय. अख्खे परिपत्रक ऑल्टमध्ये टाइप करणे हा त्यावरचा उपाय नाही. ऑल्टमध्ये मुद्दे, तक्ते, लिंका राहत नाहीत, सगळे एका दमात वाचले जाते. मजकूर पानावर साध्या अक्षरांत टाइप करा. चित्राच्या ऑल्टमध्ये एवढेच: “शिष्यवृत्ती अर्जाबाबतचे परिपत्रक, पूर्ण मजकूर खाली.” यात्रेच्या बॅनरवरची तारीख, वेळ, ठिकाणही असेच बाहेर आणा.

### तक्ते, आलेख, नकाशे

मोंढ्यातल्या भावाच्या फळ्याचा फोटो रोज टाकण्यापेक्षा चार ओळींचा खरा तक्ता टाइप करा. फोटो ठेवायचाच असेल तर ऑल्टमध्ये तारीख आणि “भाव खालच्या तक्त्यात” असे लिहा. आलेखाच्या ऑल्टमध्ये तो काय सांगतो ते एका वाक्यात लिहून आकडे खाली द्या. नकाशाला वाट शब्दांत लिहा: कोणत्या रस्त्याने, कुठे वळायचे, स्टँडपासून किती लांब.

## टप्पा ४: रकान्यांत भरा

वर्डप्रेसची मीडिया लायब्ररी उघडली की फोटोपुढे चार रकाने येतात: ऑल्ट टेक्स्ट, टायटल, कॅप्शन, डिस्क्रिप्शन. आपल्याला पहिला आणि तिसरा हवा. टायटल हा ऑल्टचा पर्याय नाही. तो माउस नेल्यावर फार तर चिठ्ठीसारखा दिसतो, आणि मोबाइलवर माउस कुठून आणणार?

क्रम असा: फोटो चढवा, लायब्ररीतच ऑल्ट आणि कॅप्शन भरा, आणि त्यानंतरच तो पानात घाला. पानात घालताना वर्डप्रेस त्या घडीचा मजकूर पानात उतरवून घेते. नंतर लायब्ररीत कितीही दुरुस्त्या करा, आधी घातलेल्या पानांवर काही फरक पडत नाही. मी एकदा रात्री जागून साठ फोटोंचे ऑल्ट लायब्ररीत सुधारले, सकाळी पाने उघडली तर सगळे जुनेच. पानातल्या फोटोवर टिचकी मारून उजवीकडच्या पट्टीतला ऑल्ट वेगळा बदलावा लागतो. लेखाच्या मुख्य चित्राचे उलटे आहे: बहुतेक थीम (वेबसाइटचे रूप ठरवणारे साचे) तिथे लायब्ररीतलाच ऑल्ट घेतात.

ब्लॉगरमध्ये फोटोवर टिचकी मारून येणाऱ्या खिडकीत ऑल्टचा रकाना आहे. हाताने कोड लिहिणाऱ्यांनी चित्र फिगर टॅगमध्ये ठेवावे आणि कॅप्शन त्यातच फिगकॅप्शन टॅगमध्ये द्यावे. खाली साधा परिच्छेद टाकून तो तिरका केला तर डोळ्याला कॅप्शन वाटते, पण त्याचे चित्राशी नाते कोडला कळत नाही.

*सावधान:* थीममध्ये पार्श्वभूमी म्हणून लावलेल्या चित्राला ऑल्ट देताच येत नाही. मुखपृष्ठावरच्या सरकत्या पट्टीत प्रवेशाची शेवटची तारीख अशा चित्रात गाडलेली असेल तर ती बाहेर काढून अक्षरांत लिहा.

## टप्पा ५: डोळे मिटून तपासा

पहिली तपासणी फुकटची. संगणकावर क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून साइट सेटिंग्जमध्ये जा, इमेजेस बंद करा, पान पुन्हा उघडा. आता पान वाचून अर्थ लागतो का? काम कुठे अडते?

मग आवाज. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. चालू करण्याआधी त्याचा शॉर्टकट लावून ठेवा, म्हणजे दोन्ही आवाजाची बटणे दाबून धरली की ते बंद होते. चालू झाल्यावर एका टिचकीने फक्त निवड होते, उघडायला दोनदा टिचकी लागते आणि पान सरकवायला दोन बोटे. हे ठाऊक नसल्यामुळे फोन बिघडला म्हणून दुकानात नेणारे लोक आहेत. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्यातल्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. आवाज रुक्ष आहे, पण चुका चटकन ऐकू येतात. पानावर ‘जी’ हे बटण दाबत गेलात की एकेका चित्रावर उडी मारता येते.

शेवटी वेव्ह नावाचे ब्राउझरचे जोडसाधन लावा. ऑल्ट कुठे राहिला ते लाल खुणेने दाखवते. मात्र लाल खूण नाही म्हणजे ऑल्ट बरोबर असे नव्हे. “सोयाबीन कीड” लाही ते पास करते.

## जुन्या वेबसाइटीत पाचशे फोटो असतील तर

पहिल्या फोटोपासून क्रमाने सुरू करू नका, चाळिसाव्यालाच दमाल. आधी बटणे आणि लिंका असलेली चित्रे, मग परिपत्रके आणि तारखा असलेली बॅनरे, मग ओळख पटवणारे फोटो (कीड, रोग, अर्जाचा नमुना). सत्कार-समारंभांच्या गॅलऱ्या सर्वांत शेवटी. त्यांतले निम्मे फोटो एकाच शालीचे वेगवेगळ्या कोनांतून काढलेले असतात. ते काढून टाकायची परवानगी अध्यक्षांकडून आधी मिळवा, ऑल्ट लिहिण्याचे निम्मे काम तिथेच वाचते.